आमची वाटचाल : पेटी तीच, माल वेगळा

वाशीतल्या आमच्या फर्मचं काम कस्टम्स क्लिअरन्सचं. न्हावा शेवाला उतरणारी फळं सोडवायची, जाणारा कांदा आणि द्राक्षं चढवायची. पेटी ठरलेली, 40 फुटी रीफर, म्हणजे माल थंड राखणारा कंटेनर. तिच्यात कुठल्या देशाचा माल येणार, हे मात्र दिल्लीतल्या अधिसूचनांनी वेळोवेळी बदललं, आणि आमच्या कामाची पद्धतही त्यांच्यामागोमाग बदलत गेली.

सफरचंदाचंच बघा. सप्टेंबर 2015मध्ये सफरचंदाची आयात फक्त न्हावा शेवातून करायची, असा आदेश निघाला. काही महिन्यांत इतर बंदरं पुन्हा खुली झाली. 2017मध्ये किडीच्या कारणावरून चिनी सफरचंद बंद झालं आणि तुर्भ्याच्या फळ मार्केटात तुर्की, इराणी पेट्या वाढल्या. 2019च्या जूनमध्ये अमेरिकी सफरचंदावर 20 टक्के जादा शुल्क लागलं, म्हणजे एकूण 70. ते जादा शुल्क सप्टेंबर 2023मध्ये रद्द झालं. मधल्या काळात, फेब्रुवारी 2021मध्ये, मूळ 50 टक्क्यांची फोड 15 टक्के सीमाशुल्क आणि 35 टक्के कृषी उपकर अशी झाली. शुल्क घटलं म्हणून गाळ्यांवर आनंद झाला, पण बेरीज तीच होती!

खरी अडचण मे 2023पासूनची आहे. सीआयएफ भाव, म्हणजे विमा आणि जहाजाचं भाडं धरून पडणारा भाव, किलोला 50 रुपयांच्या खाली असेल तर सफरचंद आणताच येत नाही. सूट फक्त भूतानला. सौदा डॉलरमध्ये होतो, भाव तपासला जातो रुपयांत. 60 सेंटचा सौदा 83च्या दराने 49.80 होतो आणि 21 टन माल अडकतो. म्हणून इन्व्हॉइस पक्कं होण्याआधीच कस्टम्सचा विनिमय दर लावून बघायचा आणि वर किमान दोन सेंटची फट ठेवायची. त्यासोबत फायटोवरचं, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यावरचं, फळाचं नाव, मूळ देश आणि पेट्यांची संख्या इन्व्हॉइसशी अक्षरशः जुळवायची. कस्टम्सचं मूल्यांकन फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन, झाल्यापासून तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात असू शकतो. समोर बसून समजावण्याची सोय राहिली नाही.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं विवरण, जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरावं लागतं, हा 2021चा बदल. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये. त्यात रीफर विजेवर चालू ठेवण्याचं प्लग-इन भाडं वेगळं.

निर्यातीत कांदा सगळ्यांत बेभरवशाचा. सप्टेंबर 2019मध्ये बंदी, सप्टेंबर 2020मध्ये पुन्हा बंदी, 19 ऑगस्ट 2023ला 40 टक्के शुल्क, 8 डिसेंबरला परत बंदी. मे 2024मध्ये बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान भाव आणि 40 टक्के शुल्कासह. सप्टेंबरात किमान भाव गेला, शुल्क 20 वर आलं आणि 1 एप्रिल 2025ला तेही संपलं.

इथे बहुतेकांची चूक एकच होते. शिपिंग बिल, म्हणजे निर्यात मालाचं कस्टम्सकडचं विवरण, भरलं म्हणजे जुना दर मिळाला, असं समजतात. निर्यात शुल्काचा दर ठरतो तो लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल चढवायची कस्टम्सची परवानगी, मिळते त्या तारखेवर. 28 टनांचा कंटेनर, 25 रुपये किलो धरला तर सात लाखांचा माल. ऑर्डर एक दिवस उशिरा मिळाली तर 40 टक्क्यांनी 2 लाख 80 हजार अंगावर. बंदीच्या वेळी सुटतो तो चढवायला सुरुवात झालेला, किंवा कस्टम्सच्या ताब्यात देऊन नोंद झालेला माल. नाशिकच्या रस्त्यावर असलेली गाडी त्यात बसत नाही.

द्राक्षांचं दुखणं वेगळं. डिसेंबर 2023पासून तांबड्या समुद्राऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजं गेली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून ठेवायचे सल्फर डायऑक्साइडचे पॅड तेवढे टिकणारे घ्यावे लागले. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी माल थंड करताना, घडाचं आतलं तापमान शून्याजवळ आल्याशिवाय कंटेनर भरायचा नाही, कारण रीफर माल थंड राखतो, गरम माल थंड करत नाही. कांद्याला मात्र हवा लागते, कंटेनरचे व्हेंट, म्हणजे हवेची झरोके, उघडे हवेत, आर्द्रता 65 ते 70 टक्के. एकाच दिवशी दोन्ही माल भरताना हे अदलाबदल झालं तर कांद्याला मुळं फुटतात आणि द्राक्षांची देठं सुकतात. म्हणून आता दाराला सील लागण्याआधी सेटिंगच्या डिस्प्लेचा फोटो घेतो आणि तो शिपिंग बिलाच्या फाइललाच जोडतो.