अँबॅसिडरचं इंजिन, एबिंग्डनची गाडी

मामांची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पुण्यात एरंडवण्यातल्या बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये १९८९ पासून उभी होती. मामा गेल्यावर वर्षभराने मामीने किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "घेऊन जा. पण तिकडे नेऊन पुन्हा उभीच करून ठेवणार असशील तर राहू दे इथेच."

त्या वाक्यामुळे पुढची तीन वर्षं कशात जाणार ते ठरलं. गाडी १९५७ ची, एमजीए १५००, दोन सीटची, उघड्या टपाची. दाराला बाहेरून हँडलच नाही; आत हात घालून एक दोरी ओढली की दार उघडतं. लहानपणी ती दोरी ओढायला मिळावी म्हणून आम्ही भावंडं भांडायचो.

चालवायची तर कुठे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे ऑफिसला नेता येणार नाही, आणि कापाकापीही करता येणार नाही. मनसोक्त पळवायची तर रेसट्रॅकवरच, तेही ट्रेलरवर घालून नेऊन.

घरात काहींना हे पटलं नाही. एवढी देखणी गाडी, ती पॉलिश करून ठेवायची सोडून ट्रॅकवर कशाला झिजवायची? मी त्यांना एकच गोष्ट सांगत राहिलो. ही गाडी बाजारात यायच्या आधी, जून १९५५ मध्ये, कारखान्याने तिचे तीन नमुने फ्रान्समधल्या ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवले होते. एकाला मोठा अपघात झाला, उरलेले दोन बाराव्या आणि सतराव्या क्रमांकावर आले. सप्टेंबरात गाडी लोकांसमोर आली. ट्रॅक हे तिचं माहेर आहे, असं मी म्हणायचो, आणि मला ते अगदी मनापासून वाटतं.

पहिले सहा महिने मात्र माझे वाया गेले. मी रोज रात्री इंग्लंडमधल्या दुकानांच्या याद्या चाळत बसायचो. प्रत्येक गोष्ट तिकडून मागवायची, त्यावर ड्यूटी भरायची, मग साइझ बरोबर निघतोय का याची धाकधूक. इंजिन जाम होतं आणि ते उघडायचा मला धीर होत नव्हता. शेवटी रेडिएटर साफ करायला नाना पेठेत दिला होता, तिथला कारागीर म्हणाला, "इंजिनासाठी चाचांना दाखवा ना. जुन्या सरकारी गाड्या त्यांनीच सांभाळल्या सगळ्या."

चाचा सत्तरीचे. शेडमध्ये आले, बॉनेट उघडलं, चिंधीने मॅनिफोल्डखालचा भाग पुसला आणि तिथली टॅपेटची झाकणं बोटांनी चाचपली. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग वळून म्हणाले, "साहेब, हे तर अँबॅसिडरचं इंजिन आहे. एक कार्बोरेटर जास्त दिलाय फक्त."

मला हे पुस्तकी माहीत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सिरीज इंजिन, १,४८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९. इंग्लंडमध्ये एबिंग्डनच्या कारखान्यात ते एमजीएमध्ये बसायचं आणि आपल्याकडे उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स तेच अँबॅसिडरमध्ये बसवायची. एमजीएचं उत्पादन १९६२ मध्ये थांबलं; अँबॅसिडर त्यानंतरही दशकानुदशकं रस्त्यावर राहिली. म्हणजे हे इंजिन बोटांवर पाठ असलेली माणसं शोधायला इंग्लंडला जायची गरजच नव्हती. ती माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर होती.

जाम इंजिन सोडवायला चाचांनी घाई केली नाही. प्लग काढून चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि अकरा दिवस तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी थोडं आणखी. बाराव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही दोघांनी मागून हलकेच पुढे-मागे डुलवली. आधी काहीच नाही. मग आत कुठेतरी 'टक्' झालं आणि पंख्याचं पातं बोटभर सरकलं. चाचांनी मला थांबवलं. "आज एवढंच. उद्या परत."

भोसरीच्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक ४० साइझला बोअर केला, म्हणजे सिलिंडरचा व्यास साधारण एक मिलिमीटरने वाढवला, त्यामुळे इंजिन सुमारे १,५३० सीसीचं झालं. पिस्टन मात्र बाहेरून आणावे लागले. अँबॅसिडरचं कॉम्प्रेशन आपल्याकडच्या जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने कमी ठेवलेलं, एमजीएचं ८.३ ला एक. पिस्टनचा माथाच वेगळा. टायमिंग चेन आणि गॅस्केटं चाचांनी इथेच मिळवली, प्रत्येक वस्तू जुनीशेजारी ठेवून, मोजून. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या खाली फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तडा आहे का ते तपासून घेतलं. क्रँकला तीनच मेन बेअरिंग असल्यामुळे ५,५०० आरपीएमच्या वर जायचं नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवलं आणि मीटरच्या काचेवर त्या आकड्याशी लाल पट्टी चिकटवली.

या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही. क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात, क्रँक फिरला की ते आटे तेल परत इंजिनाच्या तळच्या तेलाच्या टाकीत ओढतात. आटे आणि बाहेरचं कडं यांच्यातली फट सगळीकडे सारखी असेल तरच हे जमतं. एका बाजूला जास्त झाली की तेल क्लचवर. चाचा फीलर गेजची पात घेऊन कडं एकेक केसभर सरकवत दीड तास बसले होते. मी टॉर्च धरून उभा. त्या दीड तासात मी जे शिकलो ते मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं.

चासीची हकीकत थोडक्यात सांगतो. मागच्या बाजूला गंजातून स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला, तेवढा भाग त्याच जाडीच्या पत्र्याने, त्याच आकारात पुन्हा केला. नवीन काही वाढवलं नाही. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असल्याने शाबूत होतं. पायाखालची जमीन प्लायवूडची असते या गाडीत, ती पूर्ण कुजलेली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मरीन प्लाय आणला आणि सुताराकडून जुन्या फळ्यांवर आखून कापून घेतला. स्पोर्ट्स कारची जमीन आहे म्हटल्यावर त्याने कडा आपणहून तीनदा घासल्या.

तारांची चाकं हा माझा सगळ्यात मोठा घोर होता. प्रत्येक चाकाला ४८ तारा. ट्रॅकच्या वळणांवर सगळा ताण त्यांच्यावर येतो. नवीन तारा आल्या, पण चाक सरळ करायचं कोणी? पुणे सायकलींचं शहर होतं याचा फायदा असा झाला की कसब्यात एक काका सापडले, पन्नास वर्षं चाकं बांधणारे. त्यांनी हातात कधी मोटारचं चाक घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसतं फिरवून पाहिलं, पान्ह्याने एकेका तारेवर टकटक केली आणि कान लावून ऐकलं. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द. "सायकलला जे तेच," म्हणाले, "फक्त आवाज जाड आहे." पाच चाकांना त्यांनी तीन आठवडे घेतले.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त खर्च केला. चारही चाकांना दहा इंची ड्रम. पुढच्या चाकांना डिस्क १९५९ च्या १६०० मॉडेलपासून आले, ते लावायचा मोह झाला होता, पण मामांची गाडी जशी आहे तशीच ठेवायची होती. ब्रेकचं सर्किट एकच, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून सगळे पाइप, सगळे रबर कप, मास्टर सिलेंडरचं किट नवं. लायनर कडक जातीचे. ताकद वाढवायला दोनदा पैसे बाजूला काढले आणि दोन्ही वेळा ते ब्रेकमध्ये गेले. याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) सीमलेस पाइपचा, चासीला बोल्टने कसलेला, वेल्डिंग नाही. उद्या काढला तर फक्त भोकं दिसतील. पाच पट्ट्यांचा बेल्ट, अग्निशामक, बाहेरून बंद करता येईल असा बॅटरीचा स्विच, पुढे-मागे ओढायचे हुक, इंजिनातून बाहेर येणारं तेल धरायला डबा. ड्रेन प्लगला तार पिळून बांधली, सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून.

आणि मग पंखा. रेडिएटरपुढे जादा इलेक्ट्रिक पंखा बसवायचा सल्ला सगळ्यांनी दिला होता. एका वायरमनकडून बसवून घेतला. चाकणला मित्राच्या कारखान्याच्या आवारात पहिली चाचणी केली. पाण्याचा काटा १८० फॅरनहाइटवर स्थिर राहायला हवा होता. तो दहा मिनिटांत २१२ ला टेकला, म्हणजे उकळायच्या बेतात. थर्मोस्टॅट काढला, रेडिएटर पुन्हा धुतला, टायमिंग तपासलं. तरी तेच. तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी चाचा आले. त्यांनी वर्तमानपत्राचा एक कागद फाडला, पंखा चालू करायला सांगितला आणि कागद समोरच्या जाळीजवळ धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून माझ्या छातीवर आला.

पंखा उलटा फिरत होता. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वायरमनने सवयीने काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर बॉडीला दिली होती. पंखा गरम हवा पुढे ढकलत होता आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या. कागद जाळीला चिकटला. काटा १८५ वर थांबला आणि तिथेच राहिला. राग आला होता, पण त्या वायरमनवर नाही. तीन रविवार मी स्वतः समोर हात धरून पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी चाचांनी दोन्ही एसयू कार्बोरेटर जुळवले. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा ओढल्याचा 'स्स्स' दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग नळी माझ्या कानाला दिली. आधी मला काहीच फरक कळेना. अर्ध्या तासाने कळू लागला.

ट्रॅक कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा. पुण्याहून ट्रेलरवर ११०० किलोमीटरहून जास्त, दोन दिवस. तपासणीत तिथल्या लोकांनी रोल बारचे बोल्ट, बेल्ट, ब्रेकचे पाइप पाहिले. तारांच्या चाकांपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले. एकाने वाकून तारा वाजवल्या. मला कसब्यातले काका आठवले.

पहिल्या सत्रात मी ४,५०० च्या वर गेलोच नाही. दुसऱ्यात सरळ पट्ट्यावर लाल पट्टीपर्यंत नेली. इंजिनाचा आवाज बदलतो तिथे, जाड असतो तो एकदम ताणला जातो, आणि स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. सहाव्या फेरीत ब्रेकचं पॅडल लांब गेलं आणि जळक्या लायनरचा वास आला. ड्रम तापले की हे होणारच. एक फेरी सावकाश काढली, ब्रेक परत आले. त्यानंतर प्रत्येक वळणाआधी पंधरा-वीस मीटर लवकर ब्रेक दाबत गेलो.

संध्याकाळी चाचांना फोन केला.

"गरम झाली का?"

"नाही चाचा. १९० च्या वर गेलीच नाही."

"गळली?"

"दोन-तीन थेंब. क्लच कोरडा आहे."

"बरं. उद्या उतरायच्या आधी तेलाची काडी बघा, आणि चाकांचे नट हातोड्याने परत ठोका. तारा गरम होऊन बसल्या असतील."

सकाळी ठोकले. मागचं डावं चाक पाव फेरी घट्ट बसलं.