आमची वाटचाल : डाव्या आट्याची खाच

कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन आमच्या शेडचा पत्ता विचारलात, तर लोक "जीपच्या बुशवाल्यांकडं जायचंय का?" एवढंच विचारतील. बाहेर पाटी आहे, पण ती वाचून आत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन लेथ, एक शेपर, एक ग्राइंडर, एक ड्रिल आणि तीन माणसं, असा हा कारखाना. वडील ऑइल इंजिनच्या पार्ट्सचं जॉबवर्क करायचे. मी जीपकडं वळलो ते एका चाकीमुळं, म्हणजे नटमुळं.

विलीस छापाच्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकाची हब उघडली की आत मोठी षटकोनी चाकी लागते, दोन इंच आणि वर एक सोळांश. तिचा पान्हा कुणाकडंच नसायचा. गावोगावचे मेस्त्री छन्नी आणि हातोडी घेऊन ती फिरवायचे. चाकीचे कोपरे गोल व्हायचे, बेअरिंग कधी सैल राहायचं, कधी आवळून जळायचं. 1996 साली आजऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार तसली मार खाल्लेली चाकी रुमालात बांधून वडिलांकडं आले आणि म्हणाले, "मला नवी चाकी नको. हिला बसेल असला पान्हा द्या." वडिलांनी जाड पाइपाचा तुकडा घेतला, शेपरवर आत सहा बाजू काढल्या, वर आडवी दांडी घालायला भोक मारलं. सुभेदारांनी पान्हा हातात धरून वजन बघितलं आणि विचारलं, "आणखी चार करता का? माझ्या ओळखीत चार वेडे आहेत."

त्या चार वेड्यांवर आमचं घर उभं राहिलं. एक चंदगडचा काजूवाला, एक राधानगरीकडचा ऊसवाला, एक हायस्कूलचे मास्तर, चौथा गगनबावड्याचा. सगळे घरामागं पोत्यावर उताणे पडून आपली गाडी आपणच दुरुस्त करणारे. सुभेदारांची जीप लिलावातली, फणसाखाली उभी असायची. पेट्रोलचं इंजिन काढून त्यांनी डिझेल बसवलं होतं आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद केली होती. शाळेची दोनशे पानी वही होती त्यांच्याकडं. कुठल्या निपलला कधी ग्रीस मारलं, डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइल कधी काढलं, ते कुठल्या रंगाचं निघालं, सगळं त्यात लिहिलेलं.

पान्ह्यानंतर आम्ही शॅकलकडं वळलो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या जीपचा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, चासीला यू आकाराच्या शॅकलनं लटकतो. शॅकलच्या दोन्ही टोकांना आटे, त्यावर आतून आट्याचे बुश, म्हणजे नटासारख्या फिरवून चढवायच्या नळ्या. रबर नाही, साधी पिनही नाही. गाडी हलते तेव्हा शॅकल त्या आट्यांवरच मागंपुढं झुलतो. काही जागी उजवे आटे, काही जागी डावे, म्हणजे उलट्या दिशेनं आवळणारे. आता दोन्ही बुश टेबलावर ठेवले तर ओळखायचे कसे? मूळ बनवणाऱ्यांनी सोय केलेली आहे. डाव्या आट्याच्या बुशच्या षटकोनी डोक्याभोवती एक खाच असते. उजव्याचं डोकं सपाट. अंधारात, ग्रीसनं माखलेल्या हाताला, नख फिरवून कळतं. मी सुद्धा असा बुश पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा डोळे मिटून नख फिरवून बघितलं होतं.

बसवताना शॅकल पाट्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या भोकाला, घट्ट दाबून धरायचा, वरचा आणि खालचा बुश आळीपाळीनं फिरवत न्यायचा. चासीकडचं डोकं टेकू द्यायचं. पाट्याकडच्या डोक्यामागं मात्र इंचाचा बत्तिसावा भाग फट ठेवायची, म्हणजे हॅक्सॉच्या पात्याहून किंचित जास्त. ही फट न ठेवता आवळणारे लोक नंतर "पाटा कुरकुरतो" म्हणून फोन करतात.

मधली काही वर्षं बरी गेली. मुलीचं शिक्षण त्यातच झालं.

मग 2011 आलं. आम्ही शॅकल ईएन 353 नावाच्या स्टीलच्या बारपासून करतो. या स्टीलमध्ये कार्बन कमी. केस हार्डनिंग केलं की वरची कातडी काचेसारखी कडक होते, पोट मऊ आणि चिवट राहतं. गाडी दगडावर आदळली तरी शॅकल वाकेल, मोडणार नाही. त्या वर्षी बारचा एक लॉट नेहमीपेक्षा स्वस्तात मिळाला. विकणाऱ्यानं ईएन 353 म्हणून दिला, बिलावर तसंच लिहिलं, आणि मी ग्राइंडरला लावून ठिणगी न बघता तो कापायला घेतला. निघाला ईएन 8. त्यात कार्बन जास्त. तो भट्टीत घालून तेलात बुडवला की कातडी कडक होतेच, पण पोटही कडक होतं. ठिणगीला दोन मिनिटं लागतात. ईएन 8 ची ठिणगी जास्त फुलते, आणि ती मी वयाच्या बाराव्या वर्षापासून बघत आलोय. त्या दिवशी बघितली नाही. दोष बारवाल्याचा, पण दोन मिनिटं माझी होती.

तीनशे ऐंशी शॅकल गेले. पहिला मोडला चंदगडकडं, नुसत्या शेताच्या बांधावरून उतरताना. पाटा निसटला, गाडी एका बाजूला बसली. नशीब, वेग नव्हता. दुसरा मोडला सुभेदारांचा. ते एसटीनं आले. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. टेबलावर ठेवून म्हणाले, "मोडलेलं तोंड बघ." बघितलं. साखरेसारखं दाणेदार, चमचमणारं. चांगला शॅकल मोडलाच तर तोंड राखाडी आणि ओढून तुटल्यासारखं दिसतं. मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "किती गेले?" मी आकडा सांगितला. "वहीत नोंद आहे का कुणाकुणाला दिले त्याची?" नव्हती. बिलं होती, तीही अर्धीच.

पुढचे दोन महिने मी आणि सुभेदार बिलं, कुरिअरच्या पावत्या आणि दुकानदारांच्या डायऱ्या घेऊन बसलो. एकेकाला फोन. तीनशे बारा परत आले. प्रत्येकाला नवा शॅकल फुकट, वर पोस्टेज. अडुसष्टांचा पत्ता आजही नाही आणि पावसात कधी रात्री जाग आली की मी तो आकडा मोजतो. एक लेथ विकला. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. भट्टीवाल्यानं मात्र उधारी थांबवली नाही, त्याला हात जोडतो.

आणि याच दोन महिन्यांत आमच्याकडं सहा वर्षं टर्नर म्हणून काम केलेल्या पोरानं दोन गल्ल्या सोडून शेड उघडलं. नाव घेत नाही. "त्यांचे शॅकल मोडतात, आमचे घ्या" हे त्यानं दुकानादुकानात जाऊन सांगितलं. मोडत होते, खोटं कशाला बोलू. पण त्याचे आजवर मोडले नाहीत ते कशामुळं? ते साध्या माइल्ड स्टीलचे. मोडत नाहीत, झिजतात. वर झिंकचा पिवळा मुलामा, दिसायला झकास. वर्षभरात आटे साफ. हेही मी सोडून दिलं असतं. बाजार आहे, स्वस्त माल विकणारा असणारच.

पण खाच! डाव्या आट्याच्या बुशवर तो खाच काढत नाही. एक टूल जास्त लावावं लागतं, एका नगाला पाव मिनिट वाचतं. गिऱ्हाईक घरी बसवायला घेतं, दोन्ही बुश सारखेच दिसतात. डावा बुश उजव्या शॅकलवर चढवतात, अडला की दांडीला पाइप लावून जोर करतात. आटे कापले जातात, शॅकल जातो आणि शिव्या आम्हाला, कारण या मालाला कोल्हापुरात आमचंच नाव आहे. मी त्याला भेटून सांगितलं. म्हणाला, "काका, आता कोण खाच बघतंय?" मर्दा, बघायला नाही, हाताला कळायला असते ती!

विषय निघालाच आहे तर, विचारलं नाही तरी सांगतो. उंची वाढवायला लांब शॅकल मागू नका, आम्ही देत नाही. पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की ॲक्सल पुढं झुकतो, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या खुंटीचा मागं झुकलेला कोन, कमी होतो आणि गाडी सरळ न धावता रस्त्यावर भटकते. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ बनावटीत असा बदल चालणार नाही. पैसा खर्चायचाच असेल तर आधी ब्रेकवर खर्च करा, नऊ इंची ड्रम नीट धरतात का ते बघा. ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, साफ ठेवा. तो चोंदला की ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि लोक विनाकारण सील बदलत बसतात. 2019 च्या महापुरानंतर शिरोळकडच्या तीन जीप आल्या, तिन्हींच्या डिफरन्शियलमधून ऑइल नाही, पाणी मिसळून झालेला चहा निघाला. ज्यांनी आठवड्यात ऑइल काढलं त्यांची बेअरिंगं वाचली. आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून मित्रांना दाखवू नका.

सुभेदार तीन वर्षांपूर्वी गेले. जीप आता त्यांचा नातू चालवतो. पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवारी आजऱ्याला जातो आणि पोत्यावर पडतो. गेल्या महिन्यात तो शेडवर आला, खिशातून एक पिवळा बुश काढून म्हणाला, "काका, हा तुमचाच ना? बसत नाही, बदलून द्या." मी घेतला, नख फिरवलं. सपाट. आट्यावर गेज लावलं, डावा.

कपाटातून आमचा डावा बुश काढून दिला आणि पूर्ण पैसे घेतले. पोरगं जरा हिरमुसलं. दारातून पुन्हा मागं फिरलं आणि बुशच्या डोक्यावर अंगठा फिरवत म्हणालं, "आजोबांच्या वहीत 'खाच = डावा' असं लाल पेनानं लिहिलंय. मला वाटलं होतं, रस्त्याबद्दल काहीतरी असेल."