पीएस-३ला हो म्हणण्याआधीचे सहा आठवडे

जानेवारी २००९. पुण्यातला आमचा स्टुडिओ चौदा जणांचा होता आणि हातात एक ऑफ-रोड रेसिंग गेम होता, पीसी आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी. परदेशी पब्लिशरचा मेल आला: पीएस-३ची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ कन्सोलची, आवृत्तीही कराल का, कराल तर किती महिने लागतील, किती पैसे घ्याल? उत्तराला दीड महिन्याची मुदत होती. मालकांनी मेल मला पुढे पाठवला आणि वर एकच ओळ लिहिली, "तू बघ. तू हो म्हणालास तर मी हो कळवतो."

त्या ओळीचं दडपण मला आजही आठवतं. अंदाजपंचे हो म्हटलं असतं तर पुढचं वर्षभर चौदा जणांच्या रात्री गेल्या असत्या.

तोवर पीएस-३बद्दल ऐकलेलं बहुतेक सगळं वाईटच होतं. व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे गेब न्यूएल यांनी २००७ साली हे यंत्र म्हणजे सगळ्यांच्या वेळेचा अपव्यय आहे, असं जाहीरपणे म्हटलं होतं. त्यातच सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख काझ हिराई यांची मुलाखत वाचनात आली. यंत्र सोपं ठेवलं तर त्याची ताकद कुणीही लगेच वापरून मोकळं होईल, मग पुढची साडेनऊ वर्षं करायचं काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मला ते फार लागलं. अवघडपणाची किंमत शेवटी छोट्या स्टुडिओलाच मोजावी लागते.

पण दुसऱ्याच्या मतावर निर्णय घ्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

आधी कागदावर मेमरीचा हिशोब मांडला. एक्सबॉक्स ३६०मध्ये ५१२ एमबी एकत्र असतात, हव्या तशा वाटून घ्या. पीएस-३मध्येही बेरीज तेवढीच, पण २५६ एमबी मुख्य आणि २५६ ग्राफिक्सची, अशा दोन वेगळ्या खोल्या. वर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचा वाटा आधीच काढून घेते. आमचे टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची चित्रं, जेमतेम १८० एमबी होते आणि बाकीचा पसारा २४०च्या घरात. म्हणजे एका खोलीत जागा रिकामी आणि दुसरीत पाय ठेवायला जागा नाही. पण आवाजाच्या फाइल्स आणि ट्रॅकची जाळी ग्राफिक्सच्या खोलीत हलवता येतील असं दिसलं. हा भाग दोन दिवसांत आटोपला.

खरी भीती प्रोसेसरची होती. ३६०मध्ये तीन सारखे कोअर, कुठलंही काम कुठेही द्या. पीएस-३च्या 'सेल'मध्ये एक सर्वसाधारण कोअर आणि त्याच्या हाताखाली एसपीयू नावाचे छोटे कोअर. चिपवर आठ, त्यातला एक बंद ठेवलेला, एक सिस्टिमचा. गेमच्या वाट्याला सहा. प्रत्येक एसपीयूकडे स्वतःची मेमरी फक्त २५६ केबी, आणि त्यातच कोड, स्टॅक, डेटा सगळं बसवायचं. मुख्य मेमरीतलं त्याला थेट काही दिसत नाही. हवं ते डीएमएने, म्हणजे मेमरीतून डेटाची ने-आण करणाऱ्या यंत्रणेने, मागवायचं, काम करायचं, परत पाठवायचं.

ऑफिसमध्ये मी हे पंगतीवरून समजावत असे. एसपीयू म्हणजे पानावर बसलेला, भराभर जेवणारा माणूस. त्याने उठून कोठीत जायचं नाही. पानातला भात संपायच्या आत वाढप्याने पुढचा वाढलेला असला पाहिजे. वाढपी चुकला की जेवणारा नुसता बसून राहतो.

डेव्ह किट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचा खास कन्सोल, तेव्हा १०,२५० डॉलरला होतं, म्हणजे जवळपास पाच लाख रुपये. नुसतं बघण्यासाठी एवढा खर्च शक्य नव्हता. पण त्या वेळच्या जाड पीएस-३वर लिनक्स चालत असे. दुकानातून साधा कन्सोल आणला, त्यावर यलो डॉग लिनक्स टाकलं, आयबीएमचं सेलसाठीचं फुकट एसडीके, म्हणजे प्रोग्राम लिहायची साधनं, घेतलं. लिनक्समधून ग्राफिक्स चिपला हात लावता येत नव्हता, पण सहाही एसपीयू मिळत होते. माझा प्रश्न त्यांच्याबद्दलच होता.

मग गेममधला सगळ्यात वाईट कोड निवडला, आणि हे मी मुद्दाम केलं. धुळीचे कण एसपीयूवर सहज गेले असते आणि सगळे खूश झाले असते. मी घेतलं ते चाकांचं जमिनीशी होणारं कोलिजन, म्हणजे चाक कुठे टेकतं याचा हिशोब. ट्रॅकचे त्रिकोण एका झाडात, झाडाच्या फांद्या पॉइंटरने, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांनी, जोडलेल्या, आणि प्रत्येक पॉइंटर मेमरीत कुठेतरी लांब उडी मारणारा.

पहिला आठवडा एकाच त्रुटीत गेला. प्रोग्राम सुरू व्हायचा, पहिलं चाक नीट मोजलं जायचं आणि दुसऱ्या चाकाला 'बस एरर' येऊन सगळं बंद. गुरुवार होता, वीज गेलेली, यूपीएसवर तेवढा कन्सोल आणि एक मॉनिटर चालू ठेवला होता. शेवटी मी चारही चाकांचे मेमरीतले पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, छापून घेतले. पहिल्याचा शेवटचा अंक ०, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा ०, चौथ्याचा ८. बघताक्षणी कळलं. डीएमएला एवढ्या डेटासाठी सोळाने भाग जाणारा पत्ता लागतो. पाठवायचं माप मी ८० बाइट केलं होतं, पण एका चाकाच्या माहितीचं स्ट्रक्चर ७२ बाइटचंच राहिलं होतं. आठ बाइटचं रिकामं शेपूट जोडलं आणि चारही चाकं चालली. एका वेळी सोळा केबीच मागवता येतात वगैरे इतर नियमही असेच एकेक करून अंगवळणी पडले.

चालायला लागल्यावर मोजलं. मुख्य कोअरवर ९ मिलिसेकंद लागत होते, एसपीयूवर ३१. आमची अख्खी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, होती ३३ची. त्या संध्याकाळी मी जवळजवळ 'नाही'चा मेल लिहायला घेतला होता.

ग्राफिक्स बघणारी सहकारी म्हणाली, "अरे, तू झाड तसंच ठेवून एसपीयूला त्यावर चढायला लावतोयस. झाडच बदल ना." बरोबर होतं तिचं. दर फांदीला एक डीएमए, दर डीएमएला प्रोसेसरच्या शेकडो सायकलची वाट. आम्ही पॉइंटर काढून टाकले, त्या जागी साधे क्रमांक आणले, आणि झाडाचे असे तुकडे पाडले की जवळजवळचे त्रिकोण एकाच तुकड्यात येतील. एक तुकडा मोजला जात असताना पुढचा वाटेवर. अडीच आठवडे लागले. एका एसपीयूवर ४ मिलिसेकंद, चार एसपीयूंवर एकाहून थोडं जास्त.

निर्णय फिरला तो मात्र पुढच्या मोजणीने. तीच नवी मांडणी आम्ही ३६०वर चालवली, तिथला बाकी एक शब्दही न बदलता. तिथल्या ९चे ५ मिलिसेकंद झाले. तिथे पॉइंटरच्या उड्यांनी कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, सतत चुकत होती आणि ते आम्हाला कधी टोचलंच नव्हतं, कारण ते यंत्र सगळं निमूट सोसत होतं.

मालकांना मी अटींसह हो सांगितलं. यापुढे प्रत्येक नवी गोष्ट आधी पीएस-३वर चालेल, मगच ३६०वर जाईल. सात महिन्यांच्या खाली बोलायचं नाही. आणि ग्राफिक्सबद्दल पक्का शब्द किट हातात आल्यावरच, कारण तो भाग मी तपासलेलाच नव्हता. ते म्हणाले, "सात महिने ऐकून ते पळाले तर?" मी म्हटलं, "पळू द्या. पाच सांगून आपण मेलो तर?" पब्लिशर पळाला नाही.

आम्ही किट मागवण्याआधीच, मार्च २००९मध्ये, सोनीने त्याची किंमत २,००० डॉलरवर आणली. एकाच्या पैशांत तीन घेतली, आणि त्याचा फायदा कुठल्याही हुशारीपेक्षा जास्त झाला. ग्राफिक्सच्या भीतीतली निम्मी खरी ठरली. ग्राफिक्स मेमरीतून प्रोसेसरने काही वाचायचं म्हटलं तर वेग सेकंदाला जेमतेम १६ एमबी. उजेड मोजण्यासाठी आमचा कोड दर फ्रेमला तेच करत होता, तो फेकून पुन्हा लिहावा लागला. न दिसणारे त्रिकोण एसपीयूवरच गाळायला मात्र सोनीच्या 'एज' लायब्ररीने मोठा हात दिला.

त्याच वर्षी दुसऱ्या एका पब्लिशरने ३६०वर पूर्ण झालेला गेम चार महिन्यांत पीएस-३वर आणायला सांगितला. मी तीन दिवस त्याचा कोड वाचला. सगळीकडे तसलीच झाडं होती आणि मांडणी बदलायची परवानगी नव्हती. मी नाही म्हटलं. पैसे चांगले होते, मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन स्वतःच टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तो कोड मला पण दाखव जरा."

मी त्यांना पहिली फाइल उघडून दिली आणि आम्ही दोघं एकेक पॉइंटर मोजत बसलो.