भावाला शिक्षा झाली आणि मग अपील

भावाला ३ वर्षांची शिक्षा झाली, रॉडने मारलं होतं त्यानं, समोरच्याचा हात मोडला. त्यानं मारलं हे मला मान्य आहे आणि त्या माणसाचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पण कोर्टात जे झालं त्यात काही गोष्टी नीट बघितल्याच गेल्या नाहीत असंही वाटतं, म्हणून अपील केलं.

मला आधी वाटायचं की अपील म्हणजे परत सगळी केस उभी राहते, साक्षीदार परत येतात वगैरे. तसं नसतं. वरचं कोर्ट आधीच्याच साक्षी, मेडिकल रिपोर्ट आणि निकाल वाचून ठरवतं, नवा पुरावा क्वचितच घेतात. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात जायचं, मुदत ३० दिवस, आणि आरोपीला निकालाची कॉपी फुकट मिळते, ती लगेच मागून घ्या. आमचे पहिले ८ दिवस नुसते रडण्यात गेले.

शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल आणि माणूस आधीपासून जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपीलसाठी वेळ म्हणून जामीन देऊ शकतं, हे आम्हाला वकिलांनी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा नीट जेवली. पण शिक्षा थांबली म्हणजे गुन्हा पुसला गेला असं नाही हां, दोषी तो अजून आहेच.

आईला एकच भीती, अपील केलं म्हणून शिक्षा वाढली तर? आपल्या स्वतःच्या अपिलात वाढवत नाहीत, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. पुढची तारीख अजून यायचीय.