दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, पण अडलं ते केसपेपरवर

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं असेल तर भरती होताना केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते वाचल्याशिवाय जागचे हलू नका. माझं कॅशलेस (विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देणं) तिथेच अडकलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आरएमओंनी, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? खड्यांची कळ अलीकडची, ॲसिडिटी जुनी, असं मी सांगितलं. कागदावर उतरलं, 'पोटदुखी, तीन वर्षांपासून'. पॉलिसी अडीच वर्षांची. म्हणजे खड्यांसाठीची 24 महिन्यांची प्रतीक्षा संपलेली, पण त्या ओळीमुळे पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार लपवल्याची शंका. लगेच विमा कंपनीची क्वेरी आली: पहिल्या तपासणीचा कागद आणि सगळ्या जुन्या सोनोग्राफी पाठवा.

यावर तोंडी खुलासे करून काही होत नाही. सर्जनकडून लेटरहेडवर पत्र घ्या. कळ कधी सुरू झाली, खडे पहिल्यांदा कोणत्या तारखेच्या सोनोग्राफीत दिसले, ॲसिडिटी वेगळी आहे, हे त्यात स्पष्ट हवं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. केसपेपरवरची चूक डॉक्टरांनीच एका रेघेने खोडून शेजारी सही-तारीख घालायची. पांढरी शाई लावलेला कागद पाहिला की संशय आणखी वाढतो. पॉलिसीनंतरच्या एखाद्या हेल्थ चेकअपमध्ये पित्ताशय स्वच्छ दिसलं असेल तर तो रिपोर्ट सगळ्यांत मोलाचा. सगळं एकाच वेळी पाठवा, तुकड्यातुकड्यांनी दिलं की नवी क्वेरी निघते. टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातला विम्याची कागदपत्रं पाहणारा कक्ष) 'पाठवलंय' एवढ्यावर समाधान मानू नका. क्लेम नंबर आणि मेल गेल्याची वेळ स्वतः पाहा.

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च विमा कंपनीवर. पण हे घड्याळ हॉस्पिटलची विनंती कंपनीकडे पोचल्यावर सुरू होतं. बिल अडतं ते वॉर्डातली उरलेली औषधं फार्मसीत परत जाईपर्यंत. म्हणून डिस्चार्ज ठरल्याच्या आदल्या संध्याकाळीच सिस्टरना ती परत पाठवायला सांगा, डिस्चार्ज समरीही टाइप करून घ्या.

खोलीभाड्याची मर्यादा भरतीआधीच बघून ठेवा. महागडी खोली घेतली तर अनेक पॉलिसींत फक्त भाडं नाही, सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते.

प्रत्यक्ष ऑपरेशन सुरळीत झालं. साधारण चार छिद्रं, प्रत्येक 5 ते 10 मिलिमीटरचं. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चुरचुरतो आणि दुखतो मात्र उजवा खांदा. घाबरू नका, चालत राहा. संमतीपत्रात 'गरज पडल्यास पोट उघडून' असं असतं. सूज फार असेल आणि नलिका नीट ओळखू येत नसतील, तर पोट उघडणं हाच सुरक्षित निर्णय. रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) वाढलेलं किंवा पित्तनलिका रुंद असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय होतो; नलिकेत खडा सापडला तर बहुधा ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून काढतात. त्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरायला सांगा.

घरी आल्यावर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पिवळे डोळे किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. पित्त गळत असेल किंवा नलिकेत खडा राहिला असेल.

आणि काढलेल्या पित्ताशयाच्या बायोप्सीचा रिपोर्ट नंतर येतो, तो आणायला विसरू नका. त्याचे पैसे वेगळे भरले असतील तर पावती डिस्चार्जनंतरच्या खर्चात लावता येते.