उलटा वाचलेला एक किलोओहम

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बनवणाऱ्या एका लहान विभागात बोर्डांच्या अंतिम तपासणीचे काम माझ्याकडे असताना घडलेली ही गोष्ट आहे. चाळीस बोर्डांचा एक लॉट हातानेच जोडून झाला होता आणि त्या सकाळी मी तो एकेक करून वीजपुरवठ्याला लावत होतो. पहिले तीन बोर्ड व्यवस्थित सुरू झाले, चौथा मात्र मुका राहिला. पाच व्होल्ट हवे होते तिथे मीटरवर १.६८ व्होल्ट दिसत होते. लॉट संपेपर्यंत असे सात बोर्ड बाजूला निघाले आणि सातही बोर्डांवर आकडा जवळजवळ तोच होता.

डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, नीट बसला नसेल तर प्रत्येक बोर्ड आपापल्या परीने रुसतो. सात बोर्ड एकच आकडा सांगतात, तेव्हा कुठेतरी एकच चूक सात वेळा झालेली असते. हे ठाऊक असूनही मी सवयीने आधी व्होल्टेज रेग्युलेटरच बदलला, मग दुसऱ्या बोर्डावरचाही बदलला, आणि आकडा तसूभरही हलला नाही.

रेग्युलेटर ३१७ या नेहमीच्या जातीचा होता. तो आपल्या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राखतो आणि बाहेर किती व्होल्ट मिळायचे ते त्याला जोडलेल्या दोन रेझिस्टरांच्या, म्हणजे प्रवाहाला ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा करणाऱ्या भागांच्या, गुणोत्तरावर ठरते. आमच्या आराखड्यात वरचा ११० ओहमचा आणि खालचा ३३० ओहमचा होता. एकास तीन हे गुणोत्तर धरले की १.२५ ची चौपट, म्हणजे नेमके ५ व्होल्ट मिळतात. रेझिस्टरचे माप त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेले असते, एकेका रंगाला एकेक आकडा. मी भिंग घेऊन वरचा रेझिस्टर पाहिला. निळ्या अंगावर तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी असे पाच पट्टे होते. एक, एक, शून्य, पुढे गुणक एकचा आणि शेवटी एक टक्का टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य घट-वाढ. एकूण ११० ओहम. खालच्यावर नारिंगी, नारिंगी, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे ३३०. दोन्ही बरोबर आहेत असे मी वहीत लिहूनही टाकले.

धागा सापडला तो जोडणीच्या टेबलावरच्या ताईंमुळे. चालू झालेल्या बोर्डांपैकी एक हातात धरून त्या म्हणाल्या, "सर, याचा दिवा बघा, डोळ्यांत खुपतोय." मी तोवर चालू बोर्डांकडे पाहिलेच नव्हते, जे चालते त्याच्याकडे कोण पाहतो? त्या बोर्डावरचा तांबडा एलईडी शेजारच्यापेक्षा खरोखरच कितीतरी प्रखर होता. शोधल्यावर असे आणखी तीन निघाले. एलईडीच्या मार्गात १ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा होता. एलईडीचे साधारण दोन व्होल्ट वजा केले, की उरलेल्या तीन व्होल्टांतून ३ मिलिअँपिअर वाहतात. तिथे ११० ओहम असतील तर तेच २७ मिलिअँपिअर होतात, आणि आमच्या एलईडीची मर्यादा २० ची होती.

तेव्हा कुठे मी मुक्या बोर्डावरच्या त्या "११०" चा एक पाय डाग काढून मोकळा केला. बोर्डावर लागलेल्या अवस्थेत मोजले तर आजूबाजूच्या वाटाही मापात मिसळतात, म्हणून एवढे करावेच लागते. मीटरने ९९८ ओहम दाखवले. मी रेझिस्टर चिमट्यात धरून दुसऱ्या टोकाने वाचला: तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. एक, शून्य, शून्य, गुणक दहाचा, एक टक्का, म्हणजे १ किलोओहम. तेच पाच पट्टे एका बाजूने ११० होतात आणि दुसऱ्या बाजूने १०००. वरच्या जागी १००० ओहम धरून गणित केले तर १.६६ व्होल्ट येतात, आणि रेग्युलेटरच्या तिसऱ्या पायातून झिरपणाऱ्या पन्नासेक मायक्रोअँपिअरची भर घातली की बरोबर १.६८.

चूक कुणाची हे शोधायला लांब जावे लागले नाही. आदल्या संध्याकाळी मागच्या कामातले उरलेले सुटे रेझिस्टर टेबलावर एकत्र पडले होते आणि ते वेगळे करून कप्प्यांत मीच भरले होते. घाईत, नुसत्या डोळ्यांनी, मीटर हातभर अंतरावर असताना.

माझा आत्मविश्वास एका जुन्या सवयीवर उभा होता. टॉलरन्सचा पट्टा इतर पट्ट्यांपासून किंचित दूर असतो असे शिकवतात, पण पाव वॅटच्या चिमुकल्या रेझिस्टरवर ते अंतर पुष्कळदा दिसतच नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी वाचायचे आणि जो आकडा प्रमाणित श्रेणीत, म्हणजे रेझिस्टर ज्या ठरलेल्या मापांत बनतात त्या यादीत, बसेल तो खरा मानायचा, असा आमचा शिरस्ता होता. बहुतेक वेळा तो फसत नाही. ४७ किलोओहम उलटा वाचला तर १.२ गिगाओहम येतात, आणि तसला रेझिस्टर आमच्या कप्प्यांत असण्याचे काही कारणच नव्हते. १ मेगाओहम उलटा वाचला तर १४० ओहम येतात, आणि चोवीस आकड्यांच्या श्रेणीत १४० नाही, त्यामुळे हात आपोआप थांबतो. १ किलोओहमने मात्र दगा दिला, कारण ११० हाही श्रेणीतलाच आकडा आहे.

हे मी सांगत असताना आमच्याकडचा शिकाऊ मुलगा कागदावर श्रेणी लिहून काढत होता. १००, ११०, १२०, १३० आणि मग एकदम १५०, त्याने विचारले, "सर, १४० कुठे गेला?" रेझिस्टरांचे पाय डागातून सोडवता सोडवता मी उत्तर देऊ लागलो आणि ते बरेच लांबले.

रेझिस्टरांचे आकडे सारख्या फरकाने वाढवले तर ते सोयीचे पडत नाहीत. १०० नंतर २०० घेतले तर मध्ये दुप्पट अंतर उरते, आणि ९०० नंतर १००० घेतले तर दहा टक्के टॉलरन्समध्ये दोघे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. म्हणून फरक सारखा न ठेवता पट सारखी ठेवायची, म्हणजेच भूमितीय श्रेढी घ्यायची. ही युक्ती मुळात इलेक्ट्रॉनिक्सची नाही. फ्रेंच सैन्यातील अभियंता चार्ल्स रेनार याने १८७० च्या दशकात बलूनच्या दोरांची ४२५ मापे अशाच श्रेढीने १७ वर आणली होती. रेझिस्टरांसाठी अमेरिकेतील रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने १९३६ मध्ये पसंतीच्या आकड्यांची पद्धत स्वीकारली, १९४८ मध्ये स्टॉकहोमच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय पातळीवर हे काम हाती घेतले गेले आणि १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे मानक निघाले.

दहा टक्के टॉलरन्सच्या बारा आकड्यांच्या श्रेणीत तर ही मांडणी फारच देखणी दिसते. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.२१ पट, म्हणजे दहाच्या बाराव्या मुळाइतका. १० ची हद्द ११ पर्यंत जाते आणि १२ ची १०.८ पासून सुरू होते. १८ ची १९.८ ला संपते आणि २२ ची तिथूनच लागते. भट्टीतून रेझिस्टर कोणत्याही मापाचा निघो, तो बहुधा कुठल्या तरी आकड्याच्या पदरात पडतोच. पाच टक्क्यांच्या चोवीस आकड्यांत पट १.१ ची होते, पण आकडे दोनच अंकांत बसवायचे असल्याने थोडी ओढाताण होते. गणिताने १३३ आणि १४७ येतात, त्यांचे १३० आणि १५० झाले. १३० ची हद्द १३६.५ ला संपते, १५० ची १४२.५ पासून सुरू होते आणि मधल्या भगदाडात १४० बेवारस राहतो. एक टक्क्याच्या शहाण्णव आकड्यांत तो पुन्हा सापडतो. तिथे मग ३३० नसतो, ३३२ असतो.

३३० चीही एक गंमत मुलाला सांगितल्याशिवाय मला राहवले नाही. गणिताने त्या जागी ३१६ येतात, म्हणजे दोन अंकांत ३२० व्हायला हवे होते, तरी मानकात ३३० आहे. नियमाप्रमाणे ३२० असते तर आमच्या ११० सोबत ४.८९ व्होल्ट मिळाले असते. नियमाला दिलेल्या त्या बगलेमुळेच आमचे पाच व्होल्ट नेमके जमत होते.

दुपारपर्यंत अकराही बोर्ड दुरुस्त झाले, चार एलईडीही बदलले. सुटा रेझिस्टर मीटरवर मोजल्याशिवाय कप्प्यात जाणार नाही, हे मी फळ्यावर लिहिले. पण मोजण्याचा कंटाळा पुन्हा कधीतरी येणारच, म्हणून आराखड्यातच बदल करावा असे वाटले. एकास तीनच्या जोड्या श्रेणीत आणखीही आहेत, तेव्हा मी ११० आणि ३३० खोडून १२० आणि ३६० लिहिले.

मुलाने पेन्सिलीने १२० चे पट्टे काढले आणि कागद माझ्यासमोर उलटा फिरवला. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी: १० किलोओहम. आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारा आकडा! १३० आणि ३९० ची जोडी पाहिली, तर १३० उलटा फिरवल्यावर १०० किलोओहम. ही वाट म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटी १०० आणि ३०० घेतले. रेग्युलेटरला किमान १० मिलिअँपिअरचा भार लागू शकतो. १०० ओहममधून १२.५ वाहतात, म्हणजे तीही बाजू भरून निघाली. ३०० उलटा वाचला तर टॉलरन्सच्या जागी नारिंगी पट्टा येतो, आणि तसला माल आमच्या कप्प्यांत नव्हता. १०० ओहमचे पट्टे मुलाने काढले: तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी. मग त्याने सवयीने कागद उलटा केला, क्षणभर पाहिले आणि पुन्हा सुलटा केला.

"सर, फिरवला की नाही तेच कळत नाही," तो म्हणाला. बदलाच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात मी तेच लिहिले.