चार विसा दहा : ल्यों ते तुलूझ, फ्रेंचच्या अभ्यासाची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की देल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-वन पातळी पास झाले, पण ऐकण्याच्या भागात २५ पैकी १३च मिळाले. म्हणून जूनमधल्या फ्रान्सच्या या तीन आठवड्यांसाठी एकच काम ठरवलं : कान तयार करायचे. हॉटेल कुठेच नाही. ल्योंला मुक्काम पुण्यातल्या फ्रेंचच्या वर्गातल्या मैत्रिणीकडे, ती आता तिथेच नोकरी करते. आणि तुलूझला माझ्या रविवारच्या मैत्रिणीकडे. दोन वर्षं आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास फ्रेंच, अर्धा तास इंग्रजी बोलतोय, पण समोरासमोर पहिल्यांदाच भेटणार होतो.

पॅरिसहून तेजेव्हे या वेगवान रेल्वेने ल्यों दोन तासांवर. पुण्याची मैत्रीण भेटल्यावर मराठीच सुरू होणार हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून नियम केला : उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर फ्रेंच. ती क्रुआ-रूसच्या टेकडीवर राहते. ही पूर्वीच्या रेशीम विणकरांची वस्ती. घरांची छतं खूप उंच, कारण जाकारचे उंच माग घरातच बसवायचे असत. आणि इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ, त्यांना त्राबूल म्हणतात. पण मी सगळ्यात जास्त शिकले ती टेकडीवरच्या हमरस्त्यावर सकाळी भरणाऱ्या बाजारात. मैत्रीण ऑफिसला गेली की पिशवी घेऊन रोज एकटी जायचे.

पहिल्याच दिवशी चेरी घेतल्या. विक्रेता म्हणाला, ‘कात्र युरो कात्र-व्हँ-दिस’. म्हणजे ४ युरो ९०. माझ्या डोक्यात चार, पुन्हा चार, वीस, दहा असे सुटे मणी पडले, आणि त्यांची माळ होईपर्यंत मागचा माणूस पुढे सरकला होता. मी नुसतीच दहाची नोट पुढे केली. पुढचे चार दिवस हेच. नोट द्यायची, येईल ती मोड घ्यायची. कागदावर हे आकडे मला तीन वर्षांपासून येतात!

फोन नंबर तर त्याहून कठीण. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. ‘सुआसाँत’, म्हणजे साठ, ऐकलं की मी ६ लिहून मोकळी होत असे. मागोमाग ‘दूझ’, म्हणजे बारा, आलं की तो आकडा ७२ झालेला असायचा. तोवर पुढची जोडी निघून गेलेली.

एका रात्री स्वयंपाकघरात (उंबऱ्याच्या आत, म्हणजे मराठीत) मैत्रिणीला हे सांगत होते आणि अचानक माझी आजी आठवली. सातारा जिल्ह्यातली. गोवऱ्या मोजताना ती कधी साठ, ऐंशी म्हणायची नाही. एक ईस, दोन इसा, तीन इसा, चार इसा. कात्र-व्हँ म्हणजे शब्दशः चार विसा! कात्र-व्हँ-दिस म्हणजे चार विसा दहा, ९७ म्हणजे चार विसा सतरा. पॅरिसमध्ये ‘कँझ-व्हँ’ नावाचं डोळ्यांचं रुग्णालय आहे. तेराव्या शतकात नवव्या लुईने ते अंधांसाठी स्थापन केलं, ३०० जणांसाठी, म्हणून नाव पंधरा विसा. ही मोजणी विचित्र नाही, ती माझ्या घरातली आहे, हे कळल्यावर मी बेरीज-गुणाकार करणं थांबवलं आणि आजीच्या चालीत आकडे म्हणायला लागले. आठवडा संपेपर्यंत चेरीचे सुटे पैसे मोजून देत होते. (सत्तर मात्र विसांत बसत नाही, ते ‘साठ-दहा’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याला सरळ ‘सेप्ताँत’ म्हणतात.)

तुलूझला उतरले आणि कान पुन्हा पहिल्या पायरीवर गेले, पण वेगळ्या कारणाने. फ्रान्सच्या दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळत नाहीत, आणि अनुनासिक स्वरामागे हलकासा ‘ङ’ येतो. ‘पँ’ म्हणजे पाव, तो तिथे ‘पँङ’सारखा ऐकू येतो. दोन दिवस गोंधळले, मग लक्षात आलं की मराठी कानाला हे जास्त सोपं आहे, कारण प्रत्येक अक्षर हाताला लागतं. ज्यांचं ऐकणं कच्चं आहे त्यांनी दक्षिणेतल्या लोकांच्या मुलाखती जरूर ऐकाव्यात असं माझं मत झालंय. शब्दही वेगळे. बेकरीत पँ-ओ-शोकोला (चॉकलेट भरलेला पाव) मागितलं तर मैत्रिणीने हळूच दुरुस्त केलं : इथे ‘शोकोलातीन’. दुकानदार विचारतो, ‘पोश’ हवी का? पोश म्हणजे खिसा असंच मी शिकले होते. इथे ती पिशवी. मेट्रोत स्थानकाचं नाव फ्रेंचनंतर ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेतही सांगतात. मैत्रिणीची आई म्हणाली, तिची आई घरात हीच भाषा बोलायची, पण मुलांशी बोलताना फ्रेंचवर यायची. यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि त्या अख्ख्या संभाषणात मला एकदाही मैत्रिणीकडे वळून पाहावं लागलं नाही.

ही आई सत्तरीची. पहिल्याच जेवणात तिने मला सांगितलं की मला ‘त्यू’ म्हण. फ्रेंचमध्ये यासाठी दोन क्रियापदं आहेत, त्युत्वाये आणि व्हूव्वाये. इंग्रजीतून समजावताना वर्गात पाच मिनिटं लागायची. मराठीत हे आधीच तयार आहे : अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं. अर्थ लगेच कळतो, पण जिभेला वळण लागत नाही. ज्या बाईंना मी पुण्यात काकू म्हटलं असतं त्यांना ‘तू’ कसं म्हणायचं? त्यांनी तीनदा सांगितलं, मी तिन्ही वेळा ‘व्हू’वर परतले. मग मैत्रीण म्हणाली, तू व्हू म्हणतेस तेव्हा आईला वाटतं, तू अजून पाहुणीच आहेस. त्यानंतर अडलं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात आणखी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. त्यांनी खालच्या कप्प्यातलं पातेलं मागितलं, मी स्टुलावर चढून वर शोधत राहिले. मराठीत तो ‘यू’ नाही. ओठ ‘ऊ’चे करून आतून ‘ई’ म्हणायचं, तेव्हा कुठे जमतो. दुसरी, बोलताना नकारातला ‘न’ गायब होतो. ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) याचं ‘शेपा’ होतं. इतर शब्दही आखडतात, ‘इल्या’ (आहे) याचं नुसतं ‘या’. आपण लिहितो ‘माहीत नाही’ आणि म्हणतो ‘म्हाईत नाय’, तसंच हे. परीक्षेच्या ध्वनिफिती स्वच्छ बोलतात, जेवणाच्या टेबलावर सहा माणसं एकदम ‘शेपा’ म्हणतात.

आता पुढचं. मैत्रिणीच्या आईने माझ्यासाठी पन्नास फोन नंबर तिच्या नेहमीच्या वेगात रेकॉर्ड करून दिलेत, सगळे मनाने रचलेले. रोज सकाळी दहा लिहून काढते. नियम एकच : जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. पहिल्या दिवशी दहापैकी चार बरोबर आले, आज सात. चुकलेल्या तिन्हींत ७६ किंवा ९६ होता. म्हणजे ‘सेझ’ (सोळा) अजून कच्चा आहे, या आठवड्यात तोच घेते.